कैद्यांना पत्र लिहिणारा न्यायाधीश

आजच्या भागात हॅरी वूल्फ. २००० ते २००५ या काळात ते इंग्लंड आणि वेल्सचे लॉर्ड चीफ जस्टिस, म्हणजे तिथले सरन्यायाधीश म्हणा. वकील लोक त्यांना दिवाणी दाव्यांच्या नव्या नियमांसाठी ओळखतात. ते १९९९ला लागू झाले. मी मात्र त्यांच्यापर्यंत एका तुरुंगाची गोष्ट वाचताना पोहोचलो.

१ एप्रिल १९९०, रविवार. मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात प्रार्थना चालू असतानाच कैद्यांनी बंड केलं. थेट छपरावर चढले आणि २५ दिवस हटले नाहीत. जागा ९७० जणांची, आत कोंबलेले १,६४७. कोठडीत संडास नाही. रात्रभर बादली वापरायची आणि सकाळी रांग लावून ओतून यायची. या दंगलीत एक कैदी मेला, १४७ कर्मचारी आणि ४७ कैदी जखमी झाले. लोण दुसऱ्या तुरुंगांतही पसरलं.

चौकशी वूल्फ यांच्याकडे आली. आमच्याकडे सर्व्हर पडला की आधी 'कोणी केलं?' हेच विचारतात. वूल्फ यांनी 'का झालं?' विचारलं, आणि तेही कोणाला? त्या तुरुंगांतल्या कर्मचाऱ्यांना आणि कैद्यांना पत्रं पाठवून! तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा, म्हणाले. ज्यांनी छप्पर फोडलं त्यांना साक्षीदार मानायचं, हे आजही किती जणांना पटेल, शंकाच आहे.

फेब्रुवारी १९९१ मध्ये अहवाल आला. १२ मुख्य शिफारशी, २०४ सूचना. गाभा असा की तुरुंगात सुरक्षा, नियंत्रण आणि न्याय यांचा तोल हवा. कैद्याला आपल्यावर अन्याय होतोय असं वाटत राहिलं तर नुसती कुलपं वाढवून भागत नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरू नका, कैद्याला घराजवळ ठेवा, तक्रार ऐकायला स्वतंत्र माणूस नेमा, असं त्यात होतं.

काही गोष्टी झाल्या. १९९४ला तुरुंग लोकपाल आला, १९९६ला बादल्या गेल्या. पण गर्दी? १९९०ला इंग्लंड-वेल्समध्ये साधारण ४५ हजार कैदी होते, २०१५पर्यंत ८५ हजारांच्या आसपास गेले. कडक शिक्षेची भाषा मतं मिळवते, मग अहवाल कोण उघडतो?

इथे मला हा माणूस जास्त आवडायला लागला. अहवाल देऊन ते मोकळे झाले नाहीत. चांगलं काम करणाऱ्या तुरुंग कर्मचाऱ्यांना पुरस्कार देणारी बटलर ट्रस्ट नावाची संस्था आहे, तिचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. (कैद्यांची बाजू घेणारा माणूस कर्मचाऱ्यांचाही विचार करतो, हे विसरू नका.) २०११ला, वयाच्या ७८व्या वर्षी, ते प्रिझन रिफॉर्म ट्रस्टचे अध्यक्ष झाले. २०१५ला दंगलीला २५ वर्षं झाली, तेव्हा ८१ वर्षांचा हा म्हातारा पुन्हा तेच जाहीरपणे सांगत होता : तुरुंगांची हालत परत तशीच होत चाललीय, गर्दी कमी करा.