दातांच्या डॉक्टरकीची परीक्षा : बगदाद ते लातूर

माझ्या भाचीने दोन वेळा नीट दिली. पहिल्यांदा २०२३ मध्ये, दुसऱ्यांदा २०२४ मध्ये. मधलं वर्ष ती लातूरला खोली घेऊन राहिली. पहाटे फजरला उठायची आणि रात्री अकरापर्यंत जीवशास्त्राची पुस्तकं घोकायची. या वर्षासाठी आपाने हातातल्या बांगड्या मोडल्या, हे पोरीला कळू दिलं नव्हतं. पण मुलींना अशा गोष्टी कळतातच.

४ जून २०२४ रोजी निकाल लागला. भाचीचे गुण चांगलेच वाढले होते, पण त्या वर्षी सगळ्यांचेच गुण वाढले आणि तिचा क्रमांक होता त्याहून मागे गेला. देशभर गोंधळ उठला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २३ जुलैला न्यायालयाने सरसकट फेरपरीक्षा घ्यायला नकार दिला. तोपर्यंत आमच्या घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. शेवटी चित्र स्पष्ट झालं : एमबीबीएसची सरकारी जागा नाही, बीडीएसची मिळू शकते.

मोहल्ल्यात बातमी पसरली तेव्हा कुणी मुबारकबाद दिली नाही. एक शेजारीण म्हणाली, "चला, डॉक्टर नाही तर नाही, दातांची तरी झाली." आणि मी? मी इतिहासावर लिहिणारा, चार ठिकाणी भाषणं देणारा माणूस. मीही आपाला सांगितलं की अजून एक वर्ष बसव, एमबीबीएस काढेल. त्या रात्री भाचीने मला विचारलं, "मामू, तुम्ही कायम इतिहासाचं सांगता. दातांच्या डॉक्टरांना काही इतिहास आहे का? की नुसते हज्जामच होते?"

तेव्हा मी तुटक उत्तर दिलं. पूर्ण उत्तर आता लिहितो आहे.

हज्जाम होते हे खरंच आहे. माझ्या लहानपणी आठवडी बाजारात झाडाखाली पेटी मांडून बसलेला माणूस दाढी करायचा, सुंता करायचा आणि दातही उपटायचा. ज्याचा दात निघाला तो तोंडावर रुमाल धरून घरी जायचा. उपटलेला दात दुखणाराच होता की शेजारचा, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं.

या चुकीबद्दल एक हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाच्या एका जर्राहाने लिहून ठेवलं आहे. अबुल कासिम अल-जहरावी त्याचं नाव. त्याच्या 'अत्-तसरीफ' या ग्रंथाचे तीस भाग, आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात तो बजावतो की दात काढायची घाई करू नका. कधी कधी दुखणं चांगल्या दातात आहे असं रोग्याला वाटतं, चांगला दात निघतो आणि दुखणं जागच्या जागी राहतं. अडाणी हज्जाम हेच करतात, अशी त्याची तक्रार. दातांवरचं किटण खरवडायच्या हत्यारांच्या आकृत्या त्याने काढून दाखवल्या. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची रीत सांगितली. पुढे बाराव्या शतकात या भागाचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपातले जर्राह कित्येक पिढ्या त्यावर शिकले.

आपल्या सभांमध्ये इथवर सांगितलं की टाळ्या पडतात. मीही त्या घेतल्या आहेत. पण जहरावीचं नाव घेऊन कुणाला नीटमध्ये चार गुण जास्त मिळत नाहीत. भाचीला माझ्याकडून अभिमान नको होता. परीक्षेत मागे पडलेल्या माणसाची किंमत काय, हे तिला हवं होतं. म्हणून मी तिला बगदादची गोष्ट सांगितली.

हिजरी ३१९, म्हणजे इसवी सन ९३१. एका वैद्याच्या चुकीने बगदादमध्ये एक रोगी दगावला. ही खबर खलिफा अल-मुक्तदिरपर्यंत गेली. त्याने हुकूम काढला की यापुढे परीक्षेत उतरल्याशिवाय कुणी वैद्यकी करायची नाही. परीक्षक नेमला सिनान बिन साबित याला. हा हर्रानच्या साबी घराण्यातला, थोर गणिती साबित बिन कुर्रा याचा मुलगा. त्या वेळी तो मुसलमान नव्हता, पण खलिफाने त्याचं ज्ञान पाहिलं. बगदादच्या दोन्ही तीरांवरून आठशे साठांहून जास्त माणसं परीक्षेला आली. नामांकित हकीम आणि दरबारी वैद्य यांना त्यातून सूट होती.

जुन्या चरित्रग्रंथांत या परीक्षेचा एक किस्सा येतो. एक रुबाबदार म्हातारा सिनानसमोर येऊन बसला. सिनानने अदबीने त्याचं ऐकायची तयारी दाखवली, तर त्याने बाहीतून दिनार काढून पुढे ठेवले आणि कबूल केलं : मला धड लिहिता-वाचता येत नाही, पण माझं कुटुंब याच धंद्यावर जगतं, पोटावर पाय देऊ नका. सिनान हसला. त्याने परवानगी दिली, पण अट घातली : जो आजार कळत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचं नाही, साध्या आजाराशिवाय जुलाबाचं औषध द्यायचं नाही. म्हातारा म्हणाला, मी जन्मभर तेवढंच करत आलोय. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कुणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? काल आपल्याकडे येऊन गेलेले. सिनानने त्यालाही जाऊ दिलं, फक्त बजावलं की बापाची मर्यादा ओलांडू नकोस.

भाची या गोष्टीला खूप हसली. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हाही ओळखीवर पास करत होते!"

तसं म्हणता येईल. पण त्या परीक्षेचा प्रश्न बघा. या माणसाच्या हाती रोगी सोपवला तर त्याचं नुकसान होईल का, एवढंच तिथे पाहिलं जात होतं. आठशे साठही लायक निघाले असते तर आठशे साठही पास झाले असते. कुणाच्या पुढे जायचं नव्हतं.

आता आपल्या देशात येऊ. पूर्व बंगालमध्ये १८९० साली जन्मलेले रफीउद्दीन अहमद अलीगढच्या कॉलेजात शिकले, अमेरिकेला गेले आणि १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली. बोस्टनमध्ये मुलांच्या दातांच्या दवाखान्यात काम केलं. परत येऊन १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पैसा कुठून आणला? 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं आइस्क्रीमचं दुकान टाकून. आइस्क्रीम विकून दातांचं कॉलेज चालवणारा माणूस मला फार आवडतो.

त्या कॉलेजला प्रवेश परीक्षेची गरजच नव्हती. दात शिकायला कोण येणार? सुरुवातीला विद्यार्थी मोजकेच मिळाले. पण लवकरच तिथे शिकलेली एक मुलगी मुंबईत आली आणि १९२३ मध्ये तिने स्वतःचा दवाखाना थाटला. वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली ही मुलगी म्हणजे फातिमा जिना. पुढचं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे, दवाखाना फार थोड्यांना. १९३३ मध्ये मुंबईतच नायर रुग्णालयाचं डेंटल कॉलेज सुरू झालं. अहमद साहेबांनी १९४९ मध्ये आपलं कॉलेज पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकलं. त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि त्यांचा जन्मदिवस २४ डिसेंबर हा आपल्याकडे दंतवैद्यक दिन म्हणून पाळतात.

१९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा आला. त्यात नोंदणीचे दोन भाग केले होते. 'अ' भागात पदवीधर. 'ब' भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. हे वाचलं तेव्हा मला तो बगदादचा म्हातारा आठवला. हजार वर्षांनीही राज्याला तीच तडजोड करावी लागली : पुढचा दरवाजा नीट बसवायचा, पण आत असलेल्यांना एकदम उपाशी मारायचं नाही.

आणि आता नीट. ती २०१३ मध्ये आली, त्याच वर्षी रद्द झाली, २०१६ मध्ये परत आली. एमबीबीएस आणि बीडीएसला एकच पेपर, ७२० गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. २०२४ मध्ये सुमारे २४ लाख मुलांनी नाव नोंदवलं. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे ही परीक्षा लायकी मोजायला बसलेली नाही, ती चाळण आहे. चाळणीतून खाली राहिलेलं धान्य किडकं असतंच असं नाही. हा फरक आपल्याला कळत नाही, म्हणून आपण मुलांना नापास ठरवतो.

एक गंमत भाचीनेच सांगितली. पहिल्या वेळी तिने दातांचा धडा पाठ केला होता : पटाशीचे दोन, सुळा एक, उपदाढा दोन, दाढा तीन. दुसऱ्या वेळी पचनसंस्थेचा तो धडाच अभ्यासक्रमातून काढून टाकला. "मामू, दातांच्या कॉलेजची परीक्षा, आणि त्यात दातच नाहीत!"

तिने बीडीएस घेतलं. तिसऱ्या प्रयत्नाचा माझा सल्ला तिने ऐकला नाही, आणि मी तो द्यायला नको होता हे आता आपासमोर कबूल केलं आहे. पहिल्या वर्षी त्यांना मेणातून दाढ कोरायला लावतात. तिची पहिली दाढ सरांनी परत दिली, दुसरीही दिली. तिसरी ठेवून घेतली. त्या रात्री तिचा फोन आला तेव्हा तिने एमबीबीएसचं नावही काढलं नाही. दाढेच्या खाचा किती खोल ठेवायच्या, तेवढंच अर्धा तास सांगत होती.