कोष्टकरेषा
कोष्टकरेषा : कोष्टकातील घरे, ओळी व स्तंभ एकमेकांपासून वेगळे दाखविण्यासाठी काढलेल्या आडव्या व उभ्या रेघा. हस्तलिखितात या रेघा लेखणीने आखल्या जात, खिळ्यांच्या मुद्रणात त्या धातूच्या पट्ट्यांनी उमटविल्या जात, तर जालपृष्ठावर त्या शैलीपत्रकातील नियमांनी काढल्या जातात. रेघ ही कोष्टकाची केवळ सजावट नव्हे. कोणता आकडा कोणत्या शीर्षकाखाली येतो आणि कोणत्या ओळींचा एक गट होतो, हे वाचकाला मुख्यत्वे तीच सांगते. रेल्वेच्या वेळापत्रकात हे विशेष स्पष्ट दिसत असल्याने येथील विवेचन ठाणे–कल्याण लोहमार्गाच्या वेळापत्रकाचे उदाहरण घेऊन केले आहे.

मुद्रणातील पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील वाचकाला छापील कोष्टकाचा पहिला व्यापक परिचय पंचांगामुळे झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यातून शिळामुद्रित पंचांगे निघू लागली. शिळेवर अक्षर आणि रेघ दोन्ही हातानेच काढली जात असल्यामुळे कोष्टकाची चौकट आखणे ही वेगळी अडचण नव्हती. खिळ्यांची छपाई रूढ झाल्यावर मात्र रेघ महाग झाली. रेघेसाठी पितळेच्या किंवा शिशाच्या मिश्रधातूच्या पट्ट्या लागत. उभी व आडवी पट्टी जेथे एकमेकींस छेदत, तेथे एकीचे तुकडे करावे लागत आणि पट्ट्यांची टोके काटेकोर जुळली नाहीत, तर कोपऱ्यात फट उमटे. कोष्टकी मजकुराची जुळणी साध्या मजकुराहून खर्चाची असे, ती यामुळेच. म्हणून अनुभवी जुळारी शक्य तेथे एकाच दिशेच्या रेघा ठेवीत व दुसऱ्या दिशेचे काम मोकळ्या जागेकडून करवून घेत. ही काटकसर वाचकाच्याही सोयीची ठरली. [→ मुद्रण].

लोहमार्गाचे वेळापत्रक : इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्रॅडशॉ यांनी १८३९ मध्ये रेल्वे वेळापत्रकांचे पुस्तक काढले आणि स्थानकांच्या ओळी व गाड्यांचे स्तंभ ही मांडणी सर्वपरिचित झाली. भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी सु. ३४ किमी. धावली आणि पुढील वर्षी, १८५४ मध्ये, हा मार्ग कल्याणपर्यंत नेण्यात आला. मार्ग एकच व गाड्या मोजक्या असेतोवर त्यांच्या वेळा दोन-चार ओळींत सांगता येण्याजोग्या होत्या. कल्याणला मार्गाचे दोन फाटे फुटून एक कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जाऊ लागल्यावर, तसेच पुढे धीम्या व जलद अशा उपनगरी गाड्या सुरू झाल्यावर कोष्टकाचे स्वरूप गुंतागुंतीचे झाले.

या कोष्टकात दोन ठिकाणी रेघेची खरी कसोटी लागते. पहिले ठिकाण कल्याण हे होय. शहाड, आंबिवली, टिटवाळा ही स्थानके एका गटात आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही दुसऱ्या गटात येतात. या दोन गटांमध्ये इतर रेघांहून ठळक रेघ नसेल, तर ओळी सलग वाचणाऱ्या नवख्या प्रवाशास टिटवाळ्याची गाडी पुढे अंबरनाथला जाते असे वाटू शकते. दुसरे ठिकाण रिकाम्या घरांचे. ठाण्याहून सुटलेल्या बहुतेक जलद गाड्या डोंबिवलीस थांबतात, परंतु कळवा, मुंब्रा, कोपर व ठाकुर्ली येथे थांबत नाहीत. त्यामुळे त्यांच्या स्तंभात ही घरे रिकामी राहतात. या रिक्ततेचेही दोन प्रकार होते. ठाकुर्लीवरून गाडी न थांबता जाई, तर कळवा व मुंब्रा या स्थानकांवरून ती जातच नसे, कारण जलद मार्ग १९१६ मध्ये खुल्या झालेल्या पारसिक बोगद्यातून जात होता. ठाणे–दिवा यांमधील पाचवी व सहावी मार्गिका २०२२ मध्ये पूर्ण होऊन जलद उपनगरी गाड्या मुंब्र्याच्या बाजूने वळविण्यात येईपर्यंत हा भेद कायम होता. पुष्कळ यूरोपीय वेळापत्रकांत न थांबता जाणारी गाडी स्तंभातील उभ्या रेघेने दाखवितात. आपल्याकडील वाचकाला मात्र दोन्ही प्रकारची रिकामी घरे सारखीच दिसत आणि मार्गाची माहिती असेल त्यालाच त्यांचा अर्थ लागे.

जालपृष्ठावरील आरंभ : टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत रचलेल्या एचटीएमएल या खूणभाषेत प्रारंभी कोष्टक नव्हते. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीतही त्याला स्थान मिळाले नाही. परंतु त्याच वर्षी नेटस्केप नॅव्हिगेटर १.१ या ब्राउझरने कोष्टके दाखविण्यास सुरुवात केली होती. डेव्ह रॅगेट यांनी तयार केलेला कोष्टकांचा मसुदा मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जानेवारी १९९७ मधील एचटीएमएल ३.२ मध्ये कोष्टकास अधिकृत मान्यता मिळाली.

या काळात रेघेवर लेखकाचा ताबा फारच तोकडा होता. ‘बॉर्डर’ या गुणधर्माला एक आकडा देता येई आणि त्यानुसार बाहेरची चौकट उठावदार, तर आतील घरे खोलगट दिसत. वर उल्लेखिलेली रिकाम्या घरांची अडचण येथेही उपस्थित झाली. घरात काहीच मजकूर नसल्यास त्याभोवती रेघच उमटत नसे, म्हणून लेखक त्यात एक न तुटणारी मोकळी जागा भरीत. उलट अर्थाचा वापर याहून घातक ठरला. ‘बॉर्डर’ची किंमत शून्य ठेवली, की रेघा अदृश्य होतात आणि कोष्टकाचा सांगाडा संपूर्ण पृष्ठाची मांडणी करण्यास वापरता येतो, हे मांडणीकारांच्या ध्यानात आले. काही वर्षे बहुसंख्य संकेतस्थळे अशा अदृश्य कोष्टकांवर उभी होती. डोळस वाचकाला ती कळत नसत. पृष्ठ मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणालीवर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला मात्र मजकुराऐवजी ओळ व स्तंभ यांचे क्रमांक ऐकावे लागत. कोष्टकाचा अर्थ आणि कोष्टकाचे रूप यांची गल्लत केल्याचा हा परिणाम होय.

शैलीपत्रकांचा उदय : रूप आणि अर्थ यांची फारकत करण्याची कल्पना हॉकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये मांडली व बर्ट बॉस यांच्या सहकार्याने ती विकसित केली. कॅस्केडिंग स्टाइल शीट (सीएसएस) या प्रणालीची पहिली पातळी १७ डिसेंबर १९९६ रोजी प्रमाणित झाली. तीत घन, तुटक, ठिपक्यांची, दुहेरी इ. रेषाप्रकार होते, परंतु कोष्टकाचा स्वतंत्र विचार नव्हता. तो १२ मे १९९८ रोजी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पातळीत आला.

दुसऱ्या पातळीने रेघांच्या दोन पद्धती सांगितल्या. ‘सेपरेट’ म्हणजे विभक्त पद्धतीत प्रत्येक घराला स्वतःची चौकट असते व शेजारच्या चौकटींमध्ये अंतर राहते. नवशिक्याने केलेल्या कोष्टकात सगळीकडे दुहेरी रेघा दिसतात, त्या यामुळेच. ‘कोलॅप्स’ म्हणजे संलग्न पद्धतीत शेजारच्या दोन घरांची मिळून एकच रेघ होते आणि तिची निम्मी जाडी एका घरात व निम्मी दुसऱ्या घरात पडते. रिकाम्या घराची रेघ दाखवावी की लपवावी हे ठरविण्यासाठी ‘एम्प्टी-सेल्स’ हा गुणधर्म देण्यात आला. तो केवळ विभक्त पद्धतीत लागू होतो. १९९८ च्या मसुद्यात काहीच न सांगितल्यास संलग्न पद्धत गृहीत धरली होती. ब्राउझर मात्र विभक्त पद्धत वापरीत आले. अखेर जून २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या २.१ या आवृत्तीने प्रचलित व्यवहारच मान्य केला.

संलग्न पद्धतीत एकाच जागी दोन रेघांचा हक्क येतो, तेव्हा निवाड्याचा क्रम ठरलेला आहे. ‘हिडन’ असे घोषित केलेली रेघ इतर सर्व रेघांना दडपते. ‘नन’ प्रकाराला सर्वांत कमी मान असतो. उरलेल्यांत जाड रेघ बारीक रेघेस हटविते. जाडी समान असल्यास दुहेरी, घन, तुटक, ठिपक्यांची अशा उतरत्या क्रमाने प्रकार पाहिला जातो. फरक फक्त रंगाचा असेल, तर घराची रेघ ओळीच्या रेघेहून, ओळीची गटाच्या रेघेहून व गटाची संपूर्ण कोष्टकाच्या रेघेहून वरचढ ठरते. वेळापत्रकात टिटवाळा–कसारा गटानंतर येणाऱ्या कर्जतकडील गटाला दोन बिंदू जाडीची वरची रेघ दिली, तर घरांच्या एक बिंदू जाडीच्या रेघांवर ती आपोआप मात करते. प्रत्येक घराला निराळी सूचना देण्याची गरज पडत नाही. पितळी पट्ट्या जुळविणाऱ्याला ही सोय स्वप्नवत वाटली असती.

देवनागरीचा प्रश्न : ही सर्व व्यवस्था रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून झाली. रोमन अक्षरे तळरेषेवर बसतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकलेली असतात. म्हणजे मराठी ओळीत एक आडवी रेघ मुळातच असते. तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार येतात, तर खाली उकार व जोडाक्षरांचे भाग उतरतात. घराच्या वरच्या रेघेपासून पुरेसे अंतर (‘पॅडिंग’) न राखल्यास ‘कोपर’ची शिरोरेषा व कोष्टकाची रेघ मिळून जोडरेघ भासते आणि ‘ठाकुर्ली’चा रफार रेघेत घुसतो. काळी, जाड आडवी रेघ मराठी कोष्टकात कानठळ्या बसविते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फिकट रंगाची बारीक रेघ, ओळीची उंची अक्षरांच्या आकाराच्या सु. दीडपट किंवा अधिक आणि उभ्या रेघांचा मोजका वापर यांनी मराठी कोष्टक सुवाच्य होते. जुन्या जुळाऱ्यांची काटकसर येथे पुन्हा उपयोगी पडते.

अलीकडील स्थिती : एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) रेघा, अंतरे व रंग हे सर्व शैलीपत्रकाकडे सोपविण्यात आले. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर रोज सु. १,८०० फेऱ्या होतात आणि आता वेळा मुख्यत्वे भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर पाहिल्या जातात. एवढ्या स्तंभांतून आडवे सरकताना स्थानकांची नावे डावीकडे स्थिर ठेवणे भाग पडते. त्यासाठी ‘स्टिकी’ हे स्थान वापरले, की संलग्न पद्धतीचा एक दोष उघड होतो. नावे जागेवर राहतात, पण त्यांच्या रेघा मागील मजकुराबरोबर सरकून जातात आणि डोंबिवलीच्या ओळीत पाहावयाची वेळ ठाकुर्लीच्या ओळीत वाचली जाण्याचा संभव निर्माण होतो. रात्रीच्या शेवटच्या गाडीच्या बाबतीत ही चूक महागात पडते. यावर उपाय म्हणून विभक्त पद्धत स्वीकारून घरांमधील अंतर शून्य करतात व प्रत्येक घराला फक्त उजवीकडील आणि खालची रेघ देतात. अशा कोष्टकाची वरची व डावी कड मोकळी राहते, ती संपूर्ण कोष्टकाला या दोन बाजूंची रेघ वेगळी देऊन बंद करावी लागते.