अभिप्रायासह परत

‘साभार परत’ हे दोन शब्द मराठी लेखकांच्या निदान तीन पिढ्यांना पाठ आहेत. छापील चिठ्ठी, खाली संपादकाची पुसट सही, आणि आपलेच हस्तलिखित आपणच पत्ता घातलेल्या लिफाफ्यातून परत आलेले. या चिठ्ठीवर मराठीत विनोद पुष्कळ झाले. तिच्याहूनही वाईट अशा एका गोष्टीबद्दल मात्र फारसे लिहिले गेलेले नाही. ती म्हणजे काहीच न येणे. प्रस्तुत लेखकाचा एक निबंध एका संशोधनपत्रिकेकडे चौदा महिने पडून होता. तो नाकारल्याचे अखेर कळले, तेव्हा दुःखापेक्षा सुटकाच अधिक वाटली. नकारामागे निदान कोणीतरी वाचल्याची शक्यता असते.

वाचकाची वाट पाहणाऱ्या लेखनाचे काय करायचे, या प्रश्नाचा एक बारकाईने नोंदलेला इतिहास साहित्याबाहेर सापडतो. संगणक क्षेत्रात गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने त्याकडे माझे लक्ष वेधले. हा इतिहास ‘पोस्टग्रेस-क्यूएल’ या डेटाबेसचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून तो जन्मला. १९९६ साली त्याला आजचे नाव मिळाले आणि तो जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांच्या हाती आला. त्याचा कोड कोणीही वाचावा, कोणीही त्यात बदल सुचवावा. अशा सुचवलेल्या बदलाला ‘पॅच’ म्हणतात. पण सुचवणे आणि स्वीकारले जाणे यांत मोठे अंतर आहे. मूळ संहितेत प्रत्यक्ष फेरफार करण्याचा अधिकार मोजक्या ‘कमिटर’ मंडळींकडेच असतो, आणि कोणीतरी काळजीपूर्वक वाचल्याखेरीज पॅच आत जाऊ नये असा संकेत आहे. संकेतामागचे कारण उघड आहे. डेटाबेसमध्ये बँकेची खाती असतात, रुग्णांच्या नोंदी असतात. कवितेतला सैल शब्द वाचकाला खटकतो. इथली चूक कुणाच्याही लक्षात न येता नोंदी बिघडवून जाते.

प्रारंभीच्या काळात या वाचनाची व्यवस्था घरगुती होती. ब्रूस मॉमजियन हे प्रकल्पाच्या मध्यवर्ती गटातले. पूर्वी त्यांनी शाळेत संगणकशास्त्र शिकवलेले (आम्हां शिक्षकांना हा तपशील सुखावतो). आलेले पॅच हरवू नयेत म्हणून ते आपल्या ईमेलच्या एका पेटीत साठवून ठेवत. चालू आवृत्तीसाठी एक रांग, आणि जे आता घेता येणार नाही ते पुढच्या आवृत्तीसाठी दुसऱ्या रांगेत. मासिकाच्या कचेरीतल्या टेबलाचे दोन खणच म्हणा ना. लेखक थोडे आणि संपादक चिकाटीचा असेपर्यंत खण पुरतात.

ते पुरेनासे झाले २००७ साली. ८.३ या आवृत्तीचे चक्र लहान ठेवायचे ठरले होते: एप्रिलच्या आरंभी नवीन वैशिष्ट्ये घेणे थांबवायचे, साचलेले वाचून संपवायचे आणि उन्हाळ्यातच आवृत्ती प्रसिद्ध करायची. दार वेळेवर बंद झाले; आत मात्र न वाचलेल्या पॅचची रास होती, आणि त्यांतले मोठे पॅच कोणी हाती घ्यायला धजत नव्हते. सर्वांत गाजला तो ‘हॉट’ नावाचा पॅच, मुख्यतः एका भारतीय प्रोग्रामरने लिहिलेला. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी पुसली जात नाही. तिची नवी प्रत तयार होते, आणि त्या प्रतीचा पत्ता प्रत्येक सूचीत नव्याने लिहावा लागतो. सूचीतल्या रकान्यांना धक्का लागलेला नसेल, तर नवी प्रत त्याच पानावर ठेवून सूचीला हात न लावता काम भागवता येईल, ही ‘हॉट’मागची कल्पना. ऐकायला सोपी, पण ती नोंदी साठवण्याच्या थेट मुळाशी हात घालत होती. टॉम लेन यांनी तो पॅच वाचला, पुष्कळसा तपासून-सुधारून घेतला, आणि २० सप्टेंबर २००७ रोजी मूळ कोडमध्ये घातला. दार बंद झाल्यावर जवळजवळ सहा महिन्यांनी. आवृत्ती बाहेर पडली ती ४ फेब्रुवारी २००८ रोजी.

या सहा महिन्यांना दिरंगाई म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लेन यांचे वाचन कसे असे, हे त्यांच्या उपलब्ध पत्रव्यवहारातून दिसते: शंका, प्रतिउदाहरणे, ‘असे झाले तर काय’ हा पुन्हापुन्हा येणारा प्रश्न. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेल्या सविस्तर पत्रांबद्दल आपण जे वाचतो, त्याच जातीचे हे वाचन आहे. अडचण एवढीच, की अशा वाचनाला पर्यायी यंत्र नाही आणि असे वाचक कोणत्याही काळात चार-दोनच असतात. शिवाय तेच उत्तम लेखकही असतात. ते दुसऱ्याचे वाचत बसले की त्यांचे स्वतःचे लिहिणे थांबते. लिहिणाऱ्याचे नाव होते, वाचणाऱ्याचा दिवस जातो. मग कोणी का वाचावे?

मार्च २००८ पासून पोस्टग्रेसने या प्रश्नाला एक उत्तर देऊन पाहिले. त्याला त्यांनी ‘कमिटफेस्ट’ म्हटले. मराठीत आपण वाचन-पर्व म्हणू. वर्षातले काही महिने ठरवून टाकायचे आणि त्या काळात नवे लिहिण्यापेक्षा आलेले वाचण्याला अग्रक्रम द्यायचा. वर्षाच्या शेवटी एकच डोंगर उपसण्याऐवजी दर दोन महिन्यांनी एक टेकडी. यादी आधी मॉमजियन यांच्या पेटीतून निघाली, मग सर्वांना दिसेल अशा पानावर आली, आणि २००९ मध्ये रॉबर्ट हास यांनी तिच्यासाठी वेगळी आज्ञावलीच लिहिली. प्रत्येक पॅचसमोर त्याची अवस्था नोंदवलेली: परीक्षण हवे; लेखकाच्या उत्तराची प्रतीक्षा; कमिटरसाठी सिद्ध; नामंजूर. आणि आणखी एक अवस्था, जिचा शब्दशः अर्थ ‘अभिप्रायासह परत’ असा होतो. आपल्या चिठ्ठीहून ती एका शब्दाने वेगळी आहे. आभाराच्या जागी अभिप्राय आला आहे. तुमचे लेखन फेकलेले नाही, त्यात अमुक उणे आहे, ते दुरुस्त करून पुढच्या पर्वात आणा, असा त्याचा आशय.

याच्या जोडीला एक नियम आला, आणि मला तो या साऱ्या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो. जो पॅच देईल त्याने साधारण तेवढ्याच वजनाचा दुसऱ्या कुणाचा तरी पॅच वाचावा. नवशिक्याने लेन यांच्यासारखे वाचावे ही अपेक्षा अर्थातच खुळी होती. म्हणून वाचनाच्याच पायऱ्या पाडल्या गेल्या. पॅच आजच्या संहितेला नीट बसतो का? सोबत चाचण्या आणि दस्तऐवज आहेत का? लेखक म्हणतो ते खरोखर घडते का, आणि ते मुळात कुणाला हवे आहे का? एवढे कोणताही मेहनती माणूस तपासू शकतो. वेग, कोडची शैली, रचनेचे औचित्य या वरच्या पायऱ्या. जाणत्या वाचकापर्यंत मजकूर पोहोचतो तो खालची धूळ झटकून. आपल्या विद्यापीठांत प्रबंधाच्या मुद्रितशोधनापासून सिद्धांताच्या तपासणीपर्यंत सारे ओझे एकाच मार्गदर्शकावर टाकले जाते, तेव्हा मला या पायऱ्या आठवतात.

एवढ्याने डोंगर हलला असे मात्र नाही. ८.४ आवृत्तीचे शेवटचे पर्व १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाले. एका महिन्याचे ते पर्व मार्च २००९ पर्यंत लांबले. कारण पुन्हा तेच: सर्वांत मोठे लेखन सर्वांत शेवटी आले. सायमन रिग्ज यांचा ‘हॉट स्टँडबाय’ हा पॅच, ज्यामुळे मुख्य डेटाबेसची सज्ज ठेवलेली प्रतही वाचनासाठी खुली झाली असती, त्यात अडकला होता. कंपन्यांना तो हवा होता, वापरणाऱ्यांना हवा होता, आणि त्यामागे प्रचंड श्रम होते. वाट पाहावी की पुढे जावे? पुढे जायचे ठरले. १ जुलै २००९ रोजी ८.४ प्रसिद्ध झाली ती ‘हॉट स्टँडबाय’शिवाय. त्या निर्णयाचा कडवटपणा तेव्हाच्या पत्रांत लपत नाही. तरी ८.३च्या वेळी एका पॅचसाठी साऱ्या आवृत्तीने थांबणे पत्करले होते. या वेळी आवृत्ती निघाली आणि पॅच मागे राहिला. तो डिसेंबर २००९ मध्ये स्वीकारला गेला आणि सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आवृत्तीला आधी ८.५ म्हणायचे होते तिला ९.० हा मानाचा क्रमांक मिळाला, त्याला कारण झालेल्या दोन वैशिष्ट्यांपैकी हे एक. परत पाठवलेले हस्तलिखित पुढच्या दिवाळी अंकाचे आकर्षण ठरावे, तसे.

ठरलेल्या तारखेचा मोह किती चिवट असतो, हे पुढे २०१८ साली दिसले. ‘मर्ज’ ही आज्ञा ११व्या आवृत्तीत घालण्यासाठी रिग्ज यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दार बंद होण्याच्या तोंडावर, ती मूळ संहितेत नोंदवली. रचनेबद्दलचे आक्षेप मिटलेले नव्हते. त्याच महिन्यात त्यांनी स्वतःच ती मागे घेतली. आपण आत घातलेले आपल्याच हाताने बाहेर काढायला जे लागते ते प्रत्येक लेखकापाशी नसते. ‘मर्ज’ शेवटी १५व्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, साडेचार वर्षांनी. प्रकाशनाच्या टिपणात तिच्यापुढे चार नावे आहेत, रिग्ज यांचे पहिले.

रांगा आजही आहेत. अलीकडच्या पर्वांत तीनशेहून अधिक नोंदी असतात, आणि कित्येक पॅच एका पर्वातून दुसऱ्यात नुसते ढकलले जातात. प्रत्येक पर्वाला एक स्वयंसेवक व्यवस्थापक लागतो. त्याचे काम म्हणजे लोकांना आठवण करणे, गप्प राहिलेल्या लेखकांना विचारणे, आणि शेवटी कुणाची तरी नोंद ‘अभिप्रायासह परत’ या रकान्यात सरकवणे. एक गोष्ट मात्र या काळात रुजली. पॅच स्वीकारताना कमिटर जी टीप लिहितो, तिच्यात लेखकाच्या नावाखाली परीक्षकांची नावेही येतात. त्या ओळी कोडच्या इतिहासात कायमच्या राहतात. कोणता बदल कोणी वाचला होता, हे दहा-पंधरा वर्षांनीही काढून पाहता येते.