पेटी, पुस्तक आणि भीमपलास

कुरुंदवाड आमच्या गावापासून सायकलनं अर्ध्या तासावर. विष्णू दिगंबर पलुसकर १८७२ साली तिथंच जन्मले. लहानपणी शोभेच्या दारूनं डोळे अधू झालेला हा मुलगा मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकला. पुढं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यानं गाणं संस्थानिकांच्या वाड्यांतून चारचौघांत आणलं. हे मला तोंडपाठ होतं, कारण १९८६ साली मी विशारदच्या परीक्षेला बसलो होतो. विशारद झालो की संगीत शिक्षक व्हायचं, एवढंच डोक्यात.

शिकलो मात्र तात्यांच्या पेटीवर. तात्या आमच्या भजनातले पेटीवाले. रागाचं नाव विचारलं की म्हणायचे, "आरं, नाव काय करायचंय? दिस कलताना म्हनायची चाल हाय ती."

परीक्षेसाठी एक गाईड आणलं होतं. त्यात 'आजचे संगीत' यावर तयार उत्तर होतं : चित्रपट संगीतामुळे समाजाची अभिरुची घसरली, वगैरे. मी ते घोकलं. नुसतं घोकलं नाही, तर मला ते पटलंसुद्धा. चहाच्या टपरीवर टेप लागला की मी उठून जायचो. पोरं हसायची.

मिरजेला तोंडी परीक्षा. सतारमेकर गल्लीतून जाताना छाती धडधडत होती. परीक्षकांनी थाट विचारले, भातखंड्यांचे दहाच्या दहा सांगितले. मग म्हणाले, "आजच्या संगीताबद्दल काय वाटतं?" मी गाईड सुरू केलं. त्यांनी मध्येच थांबवलं आणि एक चाल गुणगुणली. "ओळखा."

मी खूश. "सर, ही तर आमच्या भजनाची चाल. जुनी, पारंपरिक. राग भीमपलास."

"राग बरोबर. पण चाल १९६६ ची आहे. 'मेरा साया', मदनमोहन. लताबाईंनी गायलंय."

शेजारचे दुसरे परीक्षक तोंडावर रुमाल धरून हसले. मी घामाघूम.

रात्री तात्यांना विचारलं, तर ते जराही ओशाळले नाहीत. "सिलोनवरनं घेतली की! तवा आमी उसात पानी पाजताना रेडू घिऊन बसायचो. चाल बरी वाटली, अभंग बसला."

हे सिलोन प्रकरण मला नंतर समजलं. १९५२ मध्ये केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, शास्त्रीय गाण्याचा कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवून सिलोन लावलं. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. आणि ज्या पेटीवर मी शिकलो, तिला तर १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर बंदी होती! परदेशी वाद्य, हिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. आक्षेप खोटा नव्हता. मींड खरंच निघत नाही. पण दिल्लीत बंदी होती तेव्हा आमच्या देवळात एकादशीला पेटी चालूच होती, आणि तिच्याशिवाय माझ्यासारख्याला सा कुठं असतो हेही कळलं नसतं.

केसकरांचा मला राग येत नाही. त्यांनी शास्त्रीय गायक-वादकांना रेडिओवर मानाची जागा दिली, ते मोठं काम. चुकलं एवढंच, की माणसं कान कुठं लावतात हे हुकमानं ठरवता येईल असं त्यांना वाटलं. मीही टपरीवरून उठून जाताना तेच करत होतो म्हणा.

पास झालो. त्या तोंडीत मार्क बेताचेच पडले. नोकरीही लांबली. एका शाळेनं दोन वर्षं बिनपगारी राबवून घेतलं, पण ते इथं नको.

२०१६ ला 'सैराट' आला. सातवीच्या पोरी गॅदरिंगला त्यातलं गाणं हवं म्हणून हटून बसल्या. शिक्षकांच्या खोलीत नाकं मुरडली गेली. मी पेटी पुढं ओढली आणि म्हणालो, "बसवू या. पण आधी मला चालीचे स्वर सांगायचे."

दुपारच्या सुट्टीपर्यंत निम्मा फळा भरला होता. एका ठिकाणी गंधार कोमल की शुद्ध यावरून दोघी भांडत होत्या.