कथेतील ‘मी’ आणि लेखिका

‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘विभावरी शिरूरकर’ कोण, या प्रश्नाने मराठी वाचकांत मोठी खळबळ उडाली. शिकलेल्या, मिळवत्या, पण अविवाहित तरुणींची घुसमट त्यात उघडपणे मांडलेली होती. सरकारी बंदी आली नाही. निषेध मात्र तीव्र झाला. टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालतीबाई बेडेकर, होत्या. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या या शिक्षिकेला या मुलींचे जग जवळून परिचित होते.

संग्रहातील एका कथेचे शीर्षक ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. येथे ‘माझा’चे लिंग ‘संसार’ या नामानुसार ठरते. बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, हे त्यावरून कळत नाही. ‘मी गेले’ असे म्हणताच मात्र क्रियापद ते सांगून टाकते. हे लिंग निवेदिकेचे असते, लेखकाचे नव्हे. परंतु वाचकांनी हा भेद पाळला नाही. कोणी या कथांना स्त्रीची कबुली मानले, तर कोणी हे पुरुषाचे लेखन असावे असा तर्क केला. दोन्ही मतांच्या मुळाशी ‘मी’ला साक्षीदार समजण्याची सवय होती.

हा दोष केवळ मराठी व्याकरणाच्या माथी मारता येणार नाही. चिनी भाषेत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही. तरीही तेथे हेच घडले. तिंग लिंग यांची सोफिया नावाच्या तरुणीच्या दैनंदिनीच्या रूपातील कथा १९२८ ची. १९५७ नंतरच्या उजव्यांविरुद्धच्या मोहिमेत सोफियाचे दोष लेखिकेवर लादले गेले आणि लेखिकेची रवानगी दूर ईशान्येकडे झाली. वेइ ह्वेइ यांची ‘शांघाय बेबी’ (१९९९) ही अर्धआत्मचरित्रात्मक मानली जाणारी कादंबरी. तिची निवेदिकाही तरुण लेखिकाच आहे. तिच्यावर २००० साली चीनमध्ये बंदी आली.

अशा वाचनात कथा हा लेखिकेविरुद्धचा पुरावा ठरतो आणि कथेने दाखविलेली समाजस्थिती चौकशीतून सुटते. मिळवत्या मुलीच्या वेतनावर चालणाऱ्या घराकडे कोणी पाहत नाही. ती मुलगी कोण, एवढेच विचारले जाते. म्हणून ‘हे लेखिकेच्याच बाबतीत घडले काय?’ हा अभ्यासकाचा पहिला प्रश्न असू नये. हे कितीजणींच्या बाबतीत घडत होते आणि ते सांगण्यासाठी टोपणनाव का घ्यावे लागले, हे प्रश्न अधिक मोलाचे होत.