भूल, सुई आणि भरवसा

आपल्या धाराशिवकडे साठी ओलांडलेला माणूस गुडघेदुखीबद्दल पारावर बसून तासभर बोलेल. पण रात्री लघवीला पाच वेळा उठावे लागते, हे तो घरच्यांनाही सांगत नाही. अखेर डॉक्टर म्हणतात, प्रोस्टेट ग्रंथीचा तुकडा सुईने काढून तपासू या. इथे त्याचा धीर सुटतो. सुई लागली की रोग पसरतो, असे कुणीतरी कानात सांगितलेले असते. प्रत्यक्षात तसे होणे अत्यंत विरळा. दुखण्याची आणि तापाची भीती मात्र अगदीच खोटी नाही. तिच्यावर वैद्यकाने तोड कशी काढली, ते पाहू.

सुरुवात आपल्याच जुन्या राज्यात होते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथले शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मची भूल सुखरूप कशी द्यावी, हे पाहण्यासाठी १८८८ साली समिती बसवली. विलायतेच्या ‘लॅन्सेट’ने तिच्या निष्कर्षांवर शंका घेतली, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ करून तज्ज्ञ बोलावला. १८८९ साली लॉडर ब्रंटन आले. पुन्हा प्रयोग झाले आणि निर्णय निघाला : श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाला थेट धोका नाही. यातला पहिला भाग उपयोगाचा ठरला, दुसरा चुकीचा. हलक्या भुलेतही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवले. म्हणजे काय, तर रोग्याला दुखले नाही एवढ्याने तो सुखरूप आहे असे होत नाही. दोन्हींची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

प्रोस्टेटच्या तपासणीतही हेच घडले. १९३७ साली अर्जेंटिनाच्या अस्त्राल्दी यांनी गुदद्वारावाटे सुई घालून तुकडा काढला. पुढे ध्वनिलहरींनी ग्रंथी पडद्यावर दिसू लागली, आणि १९८९ साली हॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरावीक सहा जागांहून नमुने घेण्याची रीत घातली. नमुने वाढले, तसे दुखणेही वाढले. १९९६ साली नॅश आणि सहकाऱ्यांनी ग्रंथीजवळच्या नसांना बधिर करणारे इंजेक्शन देऊन ते कमी केले.

दुखणे कमी झाले, धोका राहिलाच. गुदाशयातून जाणारी सुई तिथले जंतू आत नेते, आणि काहींना थंडी वाजून ताप भरतो. आधी औषध द्यावे, तर पुष्कळ जंतू आता त्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून गुदाशय आयोडीनच्या औषधाने धुतात, जंतू तपासून औषध निवडतात, किंवा वाटच बदलतात. अंडकोश आणि गुदद्वार यांमधली कातडी स्वच्छ व बधिर करून तिथून सुई घालतात. गंमत अशी, की ही वाट जुनीच. १९२२ साली न्यूयॉर्कच्या बॅरिंजर यांनी सुई तिथूनच घातली होती!

आणि सुई टळली तर सर्वांत बरे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत आधी एम.आर.आय. केलेल्यांपैकी शेकडा २८ जणांना सुई लावावीच लागली नाही.

पण हे सारे दवाखान्याची पायरी चढणाऱ्यासाठी. शेजारच्या बार्शीला १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीत आपले परंडा आणि भूम हे तालुके होते. तिची माणसे गावोगाव फिरून लोकांशी बोलत. कारण माणूस बोलल्याशिवाय रोग वहीत येत नाही, आणि उपचारातही येत नाही.

तेव्हा डॉक्टरांनी तपासणी सुचवली तर संकोच न करता विचारा : बधिर करणार का? सुई कुठून घालणार? मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. नंतर काही दिवस लघवीत थोडे रक्त दिसले तर घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.