फुलीचा टाका आणि अक्षरओळख

भरतकामाचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित मंडळी तो बहुधा फावल्या वेळच्या करमणुकीत जमा करून मोकळी होतात. राज्ये, लढाया, तह आणि ग्रंथ यांचा इतिहास लिहावा. सुईदोऱ्याचा इतिहास तो काय लिहावयाचा, असा एक समज रूढ आहे. आमच्या मते हा समज निराधार आहे. ज्या काळी मुलींच्या हाती लेखणी देण्याची निकड फारशी कोणास भासत नव्हती, त्या काळी इंग्लंडात व युरोपात असंख्य मुलींनी आपली अक्षरे सुईने कापडावर गिरविली. ती गिरविताना मोजणे, जुळविणे आणि चुकले असता मुकाट्याने उसविणे हे धडे त्यांनी घेतले. त्या अक्षरांचा टाका म्हणजे फुलीचा टाका, आणि त्यांची पाटी म्हणजे बारीक, सम विणीचे कापड. या दोहोंच्या इतिहासाचा अल्प परिचय वाचकांस करून द्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फुलीचा टाका दिसावयास अगदी सोपा. दोन तिरप्या रेघा एकमेकींना छेदून गेल्या की फुली झाली. परंतु ही फुली कापडावर अगोदर आखलेली नसते. दोन उभे आणि दोन आडवे धागे मोजून, ते ओलांडून सुई पलीकडे जाते, आणि पुढची फुली कोठे पडावयाची हेही धागे मोजूनच ठरते. म्हणून कापड सम विणीचे लागते. एका इंचात जितके उभे धागे तितकेच आडवे. यात अंतर पडले तर चौरसाचा आयत होतो आणि वर्तुळाचे अंडे होते. इंचास २८ धागे असलेल्या कापडावर दोन-दोन धागे ओलांडून भरले तर एका इंचात १४ फुल्या बसतात आणि चौरस इंचात १९६. कापड ४० धाग्यांचे घेतले तर चौरस इंचात ४०० फुल्या होतात. आणि त्याच कापडावर एकेका धाग्यावर फुली घातली तर हा आकडा १६०० वर जातो. अशा कापडावर डोळा फसतो, बोट फसते. मोजणी मात्र फसवीत नाही. चौकटीची नक्षी भरीत जाऊन आपण आरंभस्थानी परत येतो तेव्हा, वाटेत कोठे एक धागा जरी जास्त घेतला असेल, तरी दोन टोके एकमेकांस भेटत नाहीत. चूक कोणी दाखवून देण्याची गरजच राहत नाही. कापडच ती दाखविते.

या शिक्षणाचे साधन म्हणजे इंग्रजीत ज्याला सॅम्प्लर म्हणतात तो नमुनापट. लॅटिनमधील ‘उदाहरण’ या अर्थाच्या शब्दापासून, फ्रेंचच्या वाटेने, हे नाव इंग्रजीत आले आहे. नमुन्यांची छापील पुस्तके दुर्मिळ होती तेव्हा एखादी नक्षी दृष्टीस पडली की ती एका कापडाच्या पट्टीवर भरून ठेवावी, आणि पुढे हवी तेव्हा ती पट्टी उलगडून पाहावी, असा हा प्रघात होता. म्हणजे मूळचा नमुनापट ही मुलीची परीक्षा नसून कसबी स्त्रीची टिपणवही होती. पुढे जर्मनीत आउग्सबुर्ग येथे योहान शोन्स्पेर्गर याने १५२३-२४ च्या सुमारास नमुन्यांचे पुस्तक छापले, आणि या प्रकारच्या पुस्तकांची परंपरा सुरू झाली. १५९७ साली न्युरेंबर्गच्या योहान सिबमाखरने काढलेल्या पुस्तकात बारीक चौकटींवर बसविलेल्या नक्ष्या आहेत. एक चौकट म्हणजे एक टाका, हा आजही चालणारा संकेत इतका जुना आहे.

इंग्लंडातील ज्या नमुनापटांवर साल घातलेले आहे, त्यांतील सर्वांत जुना १५९८ सालचा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जेन बॉस्टॉक या स्त्रीने तो भरला. रेशीम, जरीचा धागा आणि मोतीही त्यात वापरले आहेत. वरच्या अंगास प्राणी आणि वनस्पती, मध्ये वर्णमाला, आणि तिच्याखाली ॲलिस ली नावाच्या मुलीच्या १५९६ सालच्या जन्माची नोंद. नक्षीच्या टिपणवहीत अक्षरे शिरलेली येथे आपणांस दिसतात. पुढच्या दोनशे वर्षांत ती अक्षरे पसरत गेली. सतराव्या शतकातील नमुनापट लांब, अरुंद आणि नक्षीच्या पट्ट्यांनी भरलेले असत. अठराव्या शतकात ते चौरसाकडे झुकले, भोवती वेलीची चौकट आली, आणि मध्ये वर्णमाला, अंक, एखादे नीतिपर पद्य, मुलीचे नाव व वय ही ठरीव मांडणी झाली. कसबी स्त्रीच्या वहीचा असा शाळकरी मुलीचा धडा झाला.

या पालटाचे एक कारण अगदी व्यवहारी होते. मोठ्या घरांतून चादरी, टॉवेल व मेजावरची वस्त्रे डझनावारी असत. ती धुवावयास जात, परत येत, आणि पाळीपाळीने वापरावी लागत. त्यासाठी प्रत्येक वस्त्राच्या कोपऱ्यात मालकाची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक फुलीच्या टाक्याने घालीत. लिननचे कापड जितके तलम, तितकी ही अक्षरे बारीक. ते काम करू शकणारी मुलगी गृहिणी म्हणून शोभे आणि मोलकरीण म्हणून खपे. जुन्या नमुनापटांवरील काही अक्षरे विनाकारण उंच किंवा बसकी दिसतात, याचेही कारण कापडात आहे. हातमागाच्या लिननमध्ये उभे-आडवे धागे नेहमीच सारखे नसत. मुलीने मोजले बरोबर. विणकराने तिला साथ दिली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या कामाच्या दोन वाटा झाल्या. १८०४ च्या सुमारास बर्लिन शहरात चौकटींच्या कागदावर हाताने रंगविलेले नमुने विक्रीस आले. जाड, मोकळ्या विणीच्या कॅनव्हासवर रंगीत लोकरीने ते भरावयाचे. कापडाची भोके डोळ्यांस सहज दिसत आणि रंग कागदावर ठरलेले असत. लॅम्बर्टबाईंनी आपल्या १८४२ सालच्या ग्रंथात असे नमुने चौदा हजारांच्या घरात निघाल्याचे नमूद केले आहे. १८५६ साली पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधून काढल्यावर लोकर अधिकच भडक झाली. सुखवस्तू बायकांच्या दिवाणखान्यांतून गुलाबांचे गुच्छ व लाडकी कुत्री यांनी उशा आणि पादासने भरून गेली. या लोकरकामास आम्ही नावे ठेवीत नाही; त्याने पुष्कळ घरांना आनंद दिला. पण त्यात मोजण्याचे कष्ट थोडे आणि स्वतःचे म्हणावे असे त्याहून थोडे.

तलम कापडावरची मोजणी मात्र गरीब मुलींकडे राहिली. ब्रिस्टलनजीक ॲशली डाउन येथे जॉर्ज म्युलरच्या अनाथगृहाची पहिली इमारत १८४९ साली उघडली. तेथील मुलींनी तांबड्या दोऱ्याने भरलेले नमुनापट आज संग्राहकांना सुपरिचित आहेत. वर्णमालेमागून वर्णमाला, निरनिराळ्या आकारांची आणि वळणांची. अंक, लहान किनारी, कोपऱ्यांची नक्षी. रिकामी जागा शोधू गेल्यास सापडू नये अशी दाटी. यातील प्रत्येक पट म्हणजे नोकरीचा अर्जच होता. पुढे परक्या घरच्या चादरींवर परक्याची अक्षरे घालण्यासाठी ही मुलगी आपली अक्षरे घोटीत होती.

असल्या शिक्षणात आज्ञाधारकपणापलीकडे काही नव्हते, असे कोणी म्हणेल, तर त्याचे उत्तर त्याच लंडनच्या संग्रहालयात आहे. ससेक्स परगण्यातील ॲशबर्नहॅम येथे मजुराच्या घरी १८१३ साली जन्मलेल्या एलिझाबेथ पार्कर हिने १८३० च्या सुमारास लिननच्या तुकड्यावर तांबड्या रेशमाने केवळ मजकूर भरला. नक्षी नाही, किनार नाही, वर्णमाला नाही. आपणांस लिहिता येत नाही, म्हणून हे असे मांडीत आहे, असे ती आरंभीच सांगते. तेरा वर्षांची असताना ती परक्या घरी मुले सांभाळावयास राहिली. तेथे धन्याने तिच्यावर केलेले क्रौर्य, पुढे दुसऱ्या ठिकाणी मनात आलेला आत्मघाताचा विचार, आणि त्या विचाराबद्दल परमेश्वराचे भय, हे सारे तिने फुलीमागून फुली घालीत सांगितले आहे. शेवटी आपल्या आत्म्याचे काय होणार, असा प्रश्न ती विचारते, आणि तेथेच मजकूर तुटतो. खालचे कापड कोरेच आहे.

हा मजकूर वाचताना त्यामागील श्रम विसरता येत नाहीत. रागाच्या किंवा दुःखाच्या भरात लेखणी धावते; फुलीच्या टाक्याला धावता येत नाही. एका अक्षराला कित्येक फुल्या, एका फुलीला दोनदा सुई. धागे मोजल्यावाचून पुढचा शब्द नाही. परक्यांच्या चादरींवर खूण घालण्यासाठी जे कौशल्य मुलींना शिकविले जाई, तेच हिने आपली कैफियत मांडण्यासाठी वापरले. सुदैवाने तिचे आयुष्य त्या कोऱ्या जागेशी संपले नाही. पुढे ती आपल्याच गावच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि १८८९ पर्यंत जगली.

धागे मोजून भरण्याची विद्या आपल्याही शेजारी नांदत आली आहे. धारवाडकडील कसुतीत कापडावर छाप नाही की आखणी नाही. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंती हे तिचे चार टाके. मेंती म्हणजे मेथी; आणि हा मेंती टाका म्हणजेच फुलीचा टाका. दक्षिण महाराष्ट्रातील बायकांच्या अंगावरील इरकली लुगड्यांवर गोपुरे, पालख्या, हत्ती व तुळशीवृंदावने याच मोजणीने उमटली. ही विद्या आईकडून लेकीकडे पाहून-पाहून गेली. आपल्याकडे मुलींच्या शाळा एकोणिसाव्या शतकात निघाल्या, तेव्हा मिशनच्या शाळांतून पुस्तक आणि शिवण यांचे धडे बरोबरीने चालत. पुढे १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातही अभ्यासाला शिवणकामाची जोड मिळाली. दसुतीवर पोपट आणि ‘सुस्वागतम्’ भरणारी आपली आजी बहुधा आधी पाटीवर लिहावयास शिकलेली असे. सुईलाच लेखणी करण्याचा प्रसंग तिच्यावर आला नाही, हे तिचे भाग्य म्हणावयाचे.

आज कोणी हे काम नव्याने शिकू इच्छील, तर त्यास सम विणीचे कापड विनासायास मिळते. आमची सूचना इतकीच, की आरंभी २८ धाग्यांचे कापड, एक रंग आणि एक ओळ अक्षरे घ्यावी. सुई बोथट टोकाची असावी, म्हणजे ती धागा न फोडता दोन धाग्यांमधून जाते. कापडाची चार घड्यांची घडी करून मध्य काढावा. दोऱ्यास गाठ मारू नये. त्याचे टोक मागील बाजूस पहिल्या टाक्यांखाली दाबून घ्यावे. प्रत्येक फुलीची वरची रेघ एकाच दिशेस पडू द्यावी. त्यावाचून भरलेल्या भागास सारखी झळाळी येत नाही. ओळ पुरी झाली की धागे पुन्हा मोजावे, आणि अंतर आढळल्यास उसवावे. पहिल्या दिवशी एखादे अक्षर झाले तरी पुष्कळ झाले. आणि ते अक्षर पुरे झाल्यावर, याच गतीने आपली सारी हकीकत सांगत गेलेल्या ससेक्सच्या त्या मुलीची क्षणभर आठवण करावी.